कंद खायला बोलावलेली माणसं

धरान, मंसिर ९, २०६६

कान्छा,

तुझं पत्र पोचलं. वर सरकारी शिक्का, आत ‘मान्यवर केंद्रप्रमुख’. सख्ख्या मावशीला मान्यवर म्हणणारा भाचा आपल्या कुळात तूच पहिला. मी दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं, आणि शेवटी हेमराजच्या हातात दिलं. तो म्हणाला, “सानीमा, हे आपल्या कान्छाचं पत्र नाही. त्याच्या खुर्चीचं आहे.”

माझ्या अकलेला समजलं ते असं. धरानमध्ये सुई टोचून घेणारी, नशेच्या गोळ्या आणि सिरप घेणारी माणसं किती, हे तुम्हाला काढायचंय. आकडा आठशेच्या वर गेला तर आमचं केंद्र राहील आणि नशा सुटावी म्हणून द्यायची जिभेखालची गोळी रोज इथंच मिळेल. आठशेच्या खाली आला तर केंद्र बंद, आणि गोळीसाठी रोज विराटनगर. बसनं जाऊन, रांग लावून, परत यायला दुपार होते. ज्याला कामधंदा आहे त्यानं काय करायचं, हे मात्र पत्रात नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना ते दिसणारही नाही.

हेमराजचंच बघ. दोन वर्षं तीन महिने झाले, सकाळी साडेसहाला माझ्यासमोर गोळी जिभेखाली ठेवतो आणि सातला चताराच्या रस्त्यावरच्या गॅरेजात जीपखाली असतो. सुईला हात लावलेला नाही. मालकानं परवा त्याला स्वतःच्या हत्यारांची पेटी घेऊन दिली. आता हा माणूस रोज अर्धा दिवस विराटनगरला गेला तर पेटीला गंजच चढेल.

नावं लिहायची नाहीत, खूण लिहायची, हे बरं केलंस. आईचं पहिलं अक्षर, आपलं पहिलं अक्षर, जन्मसाल, वॉर्ड. हेमराजची खूण झाली ता-हे-३६-१४. तो म्हणतो, “जन्मभर लोहाराचा पोर म्हणून हाक ऐकली, आता जीपसारखा नंबर मिळाला. बढतीच म्हणायची.”

मंसिरच्या पहिल्या आठवड्यात केंद्रात आलेल्या सगळ्यांची यादी सोबत आहे. दोनशे चाळीस. पुढची वही हेमराज आणि आणखी दोघं करतील. पण यादीवरून तुम्ही आकडा कसा काढता ते सांग. शितावरून भाताची परीक्षा करता म्हणे. शीत आम्ही वेचायचं, तर भात कसा शिजतो तेही कळू दे.

आणि एक. हेमराज तुझा मीत आहे. तुम्ही दोघं नऊ वर्षांचे असताना सेउती ओढ्यात बुडता बुडता वाचलात, तेव्हा मीच तुमच्या कपाळी टिका लावून मीत लावून दिली होती. मीत म्हणजे भावापेक्षा जवळचा. त्याची आई ती तुझी आई. तुझ्या पत्रात त्याच्यासाठी अर्धी ओळही नव्हती. त्यानं पान उलटून मागची बाजूसुद्धा बघितली.

फोन करू नकोस. केंद्राचा फोन वाजला की शेजारच्या दुकानातले कान टवकारतात.

तुझी सानीमा,
धनशोभा

•

काठमांडू, मंसिर २२, २०६६

सानीमा, ढोग.

यादी मिळाली. अक्षर अजून तसंच आहे, मोत्यासारखं.

दुसरी वही माघच्या पहिल्या पंधरवड्यात करायची. तिघांनी ठरलेल्या जागी फिरायचं, भेटेल त्याची खूण लिहायची. केंद्रात येणारा असो वा नसो, ओळखीचा असो वा नसो. कुणाला मुद्दाम बोलवायचं नाही. कागदावर हे लिहिलेलं आहेच, तरी पुन्हा सांगतो.

आकडा कसा निघतो ते मात्र सांगता येणार नाही. आमच्याकडे तशी रीत आहे. जागेवर काम करणाऱ्यांना गणित माहीत असलं की हात नकळत तिकडे झुकतो, असं म्हणतात. तेव्हा झाकली मूठ झाकलेलीच राहू दे.

हेमराजला सांगा, त्याला मी वेगळं लिहीन. इथं सध्या श्वास घ्यायला उसंत नाही.

तुमचा
कान्छा

•

धरान, माघ १६, २०६६

कान्छा,

वही सोबत आहे. एकशे ऐंशी खुणा. बघून घे.

काठमांडूच्या बसच्या ड्रायव्हरकडे एक पिशवीही दिली आहे. त्यात संक्रांतीचे उरलेले कंद, तिळाचे लाडू आणि अकबरे मिरच्या आहेत. मिरच्या जपून खा, काठमांडूचं पाणी पिऊन जीभ मऊ झाली असेल.

यंदाची संक्रांत मोठी झाली. मी आमच्या केंद्रातल्या सगळ्यांना घरी कंद खायला बोलावलं. चाळीस जण आले. काहींना घरच्यांनी ताटाला ताट लावायचं बंद केलंय, ते अंगणात पंगतीत बसले आणि तूप मागून मागून घेतलं. एकाला ताप होता, त्याला हेमराज पाठीवर घालून घेऊन आला. हेमराज दिवसभर दारातच बसला होता. त्याची आई ताराही आली होती. ती लेकाकडे बघत बसली, जेवलीच नाही धड. निघताना मला म्हणाली, “पोरगा जाडा झालाय ना, दिदी?” मी म्हटलं, झालाय.

आम्ही आमच्याकडून काही कमी पडू दिलेलं नाही, एवढं लक्षात ठेव. आता आकडा आठशेच्या वर काढायचं काम तुझं.

हेमराज विचारत होता, मीताचं पत्र आलं का. मी म्हटलं, पोस्टात असेल.

धनशोभा

•

काठमांडू, चैत २, २०६६

सानीमा, ढोग.

कंद खाल्ले. खूप वर्षांनी घरची संक्रांत आठवली.

वाईट बातमी आहे, ती मीच कळवावी म्हणून लिहितो. धरानचा आकडा सहाशे आला. मी चार वेळा करून बघितला. गणितात चूक नाही. अहवाल वर गेला, आणि काल निर्णयही झाला. असारच्या शेवटी केंद्र बंद होईल, रोजची गोळी विराटनगरला मिळेल. स्वच्छ सुया वाटायची पेटी घेऊन फिरणारे दोघं राहतील, तुम्हीही त्यांच्याबरोबर राहाल.

माझ्या हातात जेवढं होतं तेवढं मी केलं.

कान्छा

•

धरान, चैत १०, २०६६

कान्छा,

सहाशे?

मी या गावात बावीस वर्षं नर्स आहे. सहाशे तर मला चेहऱ्यानं माहीत आहेत, आणि जे मला तोंड दाखवत नाहीत ते कितीतरी जास्त. पानबारीकडची पोरं कधी केंद्राची पायरी चढत नाहीत. परदेशी फौजेतून पैसा घेऊन आलेल्या लाहुऱ्यांच्या बंगल्यातली तर गाडीतूनच उतरत नाहीत. ती सगळी कुठं गेली?

आणि आम्ही काय कमी केलं ते सांग. मी आणि हेमराजनं ठरवलं होतं की आपलं एकही माणूस वहीतून सुटता कामा नये. म्हणून तर संक्रांतीला सगळ्यांना बोलावलं. हेमराज दारात वही घेऊन बसला होता. येणाऱ्याची खूण आधी लिहायची, मग ताट वाढायचं. तापानं फणफणलेल्याला पाठीवर आणलं ते कंदांसाठी नाही, वहीसाठी. बोलवायचं नाही असं तू लिहिलं होतंस, म्हणून त्या पत्रात हे लिहिलं नाही. पण लग्नात जेवढी पानं उठतात तेवढी माणसं आली असं धरतात. जास्त लिहिले तर आकडा जास्त, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं.

मग चाळीस माणसं आपल्या हातानं दिल्यावर आकडा लहान कसा झाला? तुमची झाकलेली मूठ आता तरी उघड.

धनशोभा

•

काठमांडू, चैत १८, २०६६

सानीमा,

तुमचं पत्र ऑफिसात वाचलं. वाचून झाल्यावर दोन्ही याद्या पुन्हा समोर घेतल्या.

तळ्यात मासे किती हे कसं काढाल? तळं उपसता येत नाही. म्हणून एकदा जाळं टाकायचं, जे येतील त्यांच्या शेपटीला दोरा बांधायचा आणि सोडून द्यायचं. काही दिवसांनी पुन्हा जाळं टाकायचं. दुसऱ्या वेळी बरेचसे दोऱ्याचेच निघाले, तर समजायचं की तळं लहान आहे, मासे थोडेच आहेत. दोऱ्याचे मोजकेच निघाले, तर समजायचं की आपल्या हाती न लागलेले पुष्कळ आहेत. तुमची मंसिरची यादी म्हणजे दोरा. हेमराजची वही म्हणजे दुसरं जाळं.

तुम्ही दोरा बांधलेले चाळीस मासे घरी बोलावून जाळ्यात बसवलेत, सानीमा. दुसऱ्या वहीतल्या एकशे ऐंशीपैकी बहात्तर खुणा पहिल्या यादीत सापडल्या. आम्हाला वाटलं, जो तो ओळखीचाच निघतोय, म्हणजे गाव एवढंच. संक्रांतीचं पान बाजूला ठेवून मी काल पुन्हा मांडलं. आकडा एक हजार पन्नास येतो.

साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, अहवाल छापायला गेला, निर्णय झाला, पुढच्या हिवाळ्यात पुन्हा मोजू. मी भांडलो. भांडून काही झालं नाही.

चूक तुमची नाही. माघच्या पत्रात तुम्ही चाळीस जणांचं, दारात बसलेल्या हेमराजचं सगळं लिहिलं होतं. मी ते वाचून कंदांची आठवण काढत बसलो. आणि मंसिरमध्ये तुम्ही सरळ विचारलं होतं, आकडा कसा काढता. रीत आहे म्हणून मी हातचं राखून ठेवलं. खरं सांगायचं तर, तुम्हाला कळणार नाही असं मला वाटलं होतं. एवढं मासळीचं उदाहरण. दहा ओळींत सांगून झालं.

आणखी एक सांगतो, आता लपवून काय करू. आमच्याकडे मोजायची दुसरीही एक पद्धत आहे. साध्या लोकांना विचारायचं, तुमच्या ओळखीत नशा करणारी किती माणसं आहेत, आणि त्यावरून गावाचा अंदाज बांधायचा. दोन वर्षांपूर्वी तो फॉर्म करून बघायला ऑफिसातल्या सगळ्यांनी भरला. मी त्या रकान्यात शून्य लिहिलं. मीत असताना शून्य लिहिलं. लोक असंच करतात, म्हणून ती पद्धत कच्ची, असं मी मग सगळ्यांना शिकवतही होतो.

कान्छा

•

धरान, भदौ ४, २०६७

कान्छा,

इतके दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं मन नव्हतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तेही आपल्याच घरच्या तुपानं. कुणाकडे बोट दाखवायलाही जागा नाही.

तुझे मासे मी हेमराजला समजावून सांगितले. त्यानं पान्याचं तेल पुसून घेतलं. मग म्हणाला, “वही माझ्या हातची होती, सानीमा.” मी म्हटलं, कंद माझ्या हातचे होते.

केंद्राला असारच्या शेवटच्या दिवशी कुलूप लागलं. हेमराज महिनाभर विराटनगरला जात होता. पहाटेची पहिली बस, तिथं रांग, परत यायला दीड वाजायचा. मालक चांगला माणूस आहे, त्यानं तेवढे दिवस सांभाळून घेतलं. मग दुसरा मिस्त्री ठेवला. पेटी मात्र परत मागितली नाही. हेमराजनंच नेऊन दिली.

परवा मी त्याला विचारलं, गोळीला जातोस ना. “जातो,” म्हणाला. पण डोळे वर केले नाहीत. मी नर्स आहे, मला कळतं.

अजून तो विचारतो, मीताचं पत्र आलं का. आता पोस्टात आहे असं सांगवत नाही. तू मला लिहू नकोस, त्याला लिही. चार ओळी लिही. लोहाराच्या पोराला मीत म्हणायची साहेबाला लाज वाटत असेल तर तसंही लिही, निदान तो वाट बघायचा थांबेल.

धनशोभा

•

काठमांडू, माघ १९, २०६७

सानीमा, ढोग.

भदौच्या तुमच्या पत्राला आज उत्तर देतोय. तेव्हाच द्यायला हवं होतं.

आधी चांगली बातमी. हिवाळ्यातली दुसरी मोजणी पार पडली. तुम्ही मंसिरमध्ये सुयांच्या पेटीबरोबर फिरून केलेली यादी दोनशेची, माघची वही एकशे नव्वदची, आणि दोन्हीकडे सापडलेले फक्त बेचाळीस. या वेळी तुम्ही कुणाला बोलावलं नाहीत, ते कळतंच आहे. आकडा नऊशे पाच येतो. केंद्र वैशाखात पुन्हा उघडेल, मी ते कागद स्वतः हातात धरून साहेबांच्या सहीपर्यंत नेले.

एक काम राहिलं आहे. या पद्धतीत तळं बंद असावं लागतं. पहिल्या जाळ्यानंतर जे मासे मेले, ते पहिल्या यादीतून वगळावे लागतात, नाहीतर आकडा उगाच फुगतो. मंसिरच्या यादीतले जे गेले असतील त्यांच्या खुणा कळवा. नावं नकोत.

आता मुख्य. मंसिरच्या यादीत मला ता-हे-३६-१४ दिसली. तुमच्याच अक्षरात. म्हणजे तो पुन्हा सुईकडे वळला, हे कळलं. त्या दिवसापासून मी त्याला पत्र लिहीत होतो आणि फाडत होतो. ते आज पूर्ण झालं, सोबत बंद पाकिटात आहे. त्याच्याच हातात द्या. मला त्याची कधी लाज वाटली नाही, सानीमा. मला माझी वाटत होती. सतरा वर्षांचे असताना खोकल्याच्या औषधाची पहिली बाटली मी विकत आणली होती. दोघांनी पाळीपाळीनं प्यायली. दोन महिन्यांनी मी इथं कॉलेजात आलो, तो तिथंच राहिला. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. पत्रात त्याची माफी मागितली आहे.

माघच्या वहीत त्याची खूण नाही, ते बघून मला बरं वाटलं. बहुतेक तो विराटनगरच्या रांगेत परत गेला असेल. सांगा त्याला, आता दोनच महिने.

तुमचा
कान्छा

•

धरान, माघ २६, २०६७

कान्छा,

तू मागितलेल्या खुणा.

सु-मि-४१-८
ध-रा-४४-१५
प-कि-३९-१७
बि-सा-४६-४
ता-हे-३६-१४

शेवटची तुझ्या मीताची आहे. पुसच्या अकराव्या दिवशी गेला.

आठ-दहा दिवस त्यानं सुई सोडली होती. पुन्हा मोजणी झाली की केंद्र उघडेल असं मी म्हटलं होतं, तर म्हणाला, तोवर आपणच राहून बघतो. राहवलं नाही. पूर्वीचंच माप घेतलं, ते शरीराला झेपलं नाही. सकाळी तारा चहा घेऊन गेली तेव्हा भिंतीला टेकून बसलेला होता. तिला वाटलं, झोपलाय. तिनं चहा झाकून ठेवला.

दहनाच्या दिवशी तारानं विचारलं, मीताला कळवायचं ना. मी म्हटलं, कळवते. कागद घेऊन बसले आणि तुझा राग आला. हा माणूस हयात असताना ज्याला चार ओळी सुचल्या नाहीत, त्याला आता काय कळवायचं. कागद तसाच ठेवून दिला. उद्या लिहू, परवा लिहू, असं करत दीड महिना गेला. मीत गेला तर मीतानं सुतक पाळायचं असतं. ते मी तुझ्याकडून हिरावून घेतलं, कान्छा. रागात घेतलं. तुझं पत्र वाचल्यावर मला माझंच तोंड बघवेना.

यंदा संक्रांतीला मी कुणालाही बोलावलं नाही. कंद आणलेच नाहीत. माणसं दारावरून जात होती, आत बघत होती, आणि मी आतून कडी लावून बसले होते. तुझा आकडा बरोबर आला असेल तर त्यानं आला.

पाकीट तसंच आहे. मी ते ताराला नेऊन दिलं. तिला वाचता येत नाही, तरी पत्ता बोटानं चाचपत होती. तिनं विचारलं, “दिदी, मीताचं पत्र मीताच्या आईनं उघडलं तर चालतं का?” तू सांग.

धनशोभा

•

काठमांडू, फागुन २, २०६७

सानीमा, ढोग.

पाचही खुणा काल खोडल्या. आता आकडा आठशे ब्याऐंशी. केंद्र वैशाखात उघडतंय, त्यात आता बदल नाही. यादीतला एक माणूस खोडला की एकूण आकड्यातून साडेचार माणसं कमी होतात. हे मी आजवर शंभर वेळा शिकवलंय. काल ता-हे-३६-१४ वर रेघ मारली, आणि पुढची बेरीज शेजारच्या टेबलावरच्या मुलीला करायला सांगितली.

संध्याकाळी तो जुना फॉर्म काढला. तुमच्या ओळखीत नशा करणारी किती माणसं, हा प्रश्न. वाटलं, आता तरी खरं लिहू. एक लिहिलं. मग खालची बारीक अक्षरातली सूचना वाचली. फक्त आज हयात असलेली माणसं धरावीत, असं तिथं लिहिलंय. ती सूचना मीच घातली होती. म्हणून एक खोडून पुन्हा शून्य लिहिलं. या वेळी ते बरोबर आहे.

मी शनिवारी निघतोय. तुमच्यावर माझा राग नाही, तुम्हीही माझ्यावरचा ठेवू नका. सुतक उशिरा का होईना, ताराआमाच्या घरी बसून पाळीन. तिला सांगा, आईनं उघडलेलं चालतं. पण पाकीट उघडायची घाई करू नका. त्यात जे आहे ते मला तिच्यासमोर बसून वाचायचंय.

कान्छा